समुद्रावरच्या घड्याळाची वही

"पेन आत चालणार नाही," मी मान वर न करताच म्हणाले. "बॅग बाहेर ठेवा. आणि हात धुऊन या."

"हात धुतलेत, मॅडम. पण नखातलं तेल जात नाही... आणि मी वाचायला आलोच नाही. तुमचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलंय म्हणून फोन आला होता."

मी वर पाहिलं. दारात एक उंच, किडकिडीत माणूस दोन्ही हात पुढे करून उभा होता, शाळेत नखं तपासायला उभं करतात तसा. मी कानापर्यंत लाल झाले. तो मात्र हसत होता. डोळ्यांनीच.

आमच्या संग्रहालयात जुन्या हस्तलिखितांची सूची करायचं काम माझ्याकडे. त्या दिवशी टेबलावर अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका घड्याळ बनवणाऱ्याची वही उघडी होती. स्वतः बनवलेलं घड्याळ घेऊन तो जहाजावर चढला होता आणि रोज काहीबाही लिहीत होता. घड्याळवाले शिडीवर चढले खरे, पण त्यांची नजर भिंतीकडे कमी आणि टेबलाकडे जास्त.

"जहाजावर घड्याळ कशाला?" वरून प्रश्न आला.

"ते जरा किचकट आहे. तुम्हाला नाही कळायचं." हे मी म्हणाले. आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते.

"समजावून तर बघा... माझा वेळ जातोय, तुमचा नाही."

मग सांगितलं. भर समुद्रात उत्तर-दक्षिण कळतं, सूर्य किती वर आहे ते मोजून. पण पूर्व-पश्चिम? त्यासाठी आपल्या बंदरात आत्ता किती वाजलेत ते ठाऊक हवं. इथे सूर्य माथ्यावर आला आणि बंदराच्या वेळेत फरक पडला चार मिनिटांचा, तर आपण एक रेखांश सरकलो. हेलकावे, थंडी, उकाडा सोसून महिनोन् महिने नीट चालेल असं घड्याळच तेव्हा नव्हतं.

"म्हणजे घड्याळ चुकलं की जहाज खडकावर."

"हो."

"आणि हा शेवटचा रकाना?"

"ते तापमान. त्या त्या दिवसाचं." तीन वर्षांपूर्वी सूचीत मीच तसं लिहिलं होतं.

तो दोन पायऱ्या खाली उतरला. "अधिक दोन, अधिक दोन, अधिक तीन, अधिक दोन... थंड मुलुखातून गरम मुलुखात जाताना हवा अशी शहाण्या मुलासारखी बसेल? मॅडम, ही घड्याळाची चाल आहे. रोज किती सेकंद पुढे गेलं त्याची. पुढे जाऊ दे ना बापडं, रोज सारखंच गेलं की हिशेब चुकत नाही. आमचे बाबा अजूनही अस्संच लिहून ठेवतात."

मी वहीकडे पाहिलं. तीन वर्षं पाहत होते, पण दिसलं आत्ता.

त्यानंतर भिंतीवरच्या घड्याळाला काय झालं कोण जाणे, दर शनिवारी ते बिघडू लागलं.

"आज काय?" मी विचारायची.

"आवाज जरा... उदास येतोय."

"घड्याळाचा?"

"दुसऱ्या कुणाचा मी बरा करू शकत नाही ना!"

मग एकाच पानावर दोन डोकी वाकायची. भिंग या हातातून त्या हातात जायचं... आणि जाता जाता क्षणभर थांबायचं. संपूर्ण रकाना आम्ही मिळून उलगडला. एरवी मला अगं-तुगं करणारी वहिनी घरी मुद्दाम म्हणायची, "वन्सं, शनिवारी हल्ली केस धुऊन जाता तुम्ही." मी दुर्लक्ष करायची.

आणि मग ती बैठक. आमच्या संचालकांनी, साहेबांनी, माझी टिपणं चाळली. चष्मा काढून म्हणाले, "वा! हे तुम्ही शोधलंत?"

मी तोंड उघडलं. वाक्य तयार होतं – आमचं घड्याळ दुरुस्त करायला येतात, त्यांनी... पण टेबलाभोवती सगळे विद्वान बसलेले. माझ्या तोंडून फक्त एवढंच निघालं – "हं."

एक अक्षर. त्या एका अक्षरावर माझं जाहीर व्याख्यान ठरलं. येणाऱ्या प्रदर्शनाची जबाबदारीही माझ्याकडे आली. घड्याळवाल्यांना सांगेन, पुढच्या शनिवारी सांगेन, असं करत व्याख्यानाचा दिवस उजाडला.

बोलायला उभी राहिले तर तिसऱ्या रांगेत तो. इस्त्रीचा शर्ट, शेजारी वडील. मी बोलावलं नव्हतं... बाहेरची पाटी वाचून आले असणार. मी नजर कागदांवर वळवली. पडद्यावर तो रकाना आला आणि मी पाठ केलेलं वाक्य म्हणून टाकलं – "या आकड्यांकडे पाहताना माझ्या लक्षात आलं..."

टाळ्या झाल्या. तोही वाजवत होता.

नंतर वडील काठी टेकत पुढे आले. "छान बोललीस, पोरी. आमचा मुलगा घरी सांगत होता, ते कोडं त्यानं सोडवलं. आज कळलं, तुला आधीच ठाऊक होतं. थापाड्या आहे लेकाचा!"

मी त्याच्याकडे पाहिलं. एक शब्द... त्यानं एक शब्द म्हटला असता तरी माझं पितळ उघडं पडलं असतं.

"जरा वाढवून सांगितलं, बाबा," तो हसला. या वेळी डोळ्यांनी नाही. "चला, तुमच्या गोळीची वेळ झाली."

घरी आले आणि वहिनीच्या मांडीवर डोकं ठेवून सगळं ओकले. तिनं केसांतून हात फिरवला, पण बोलली सडेतोड. "दुसऱ्याचं उचललंस, वर टाळ्या घेतल्यास. आता रडतेस कुणासाठी गं? त्याच्यासाठी की स्वतःसाठी?"



सोमवारी वही पुन्हा उघडली. प्रवासाच्या एकेचाळिसाव्या दिवशी त्या माणसानं बारीक अक्षरात लिहिलं होतं – आज चावी द्यायला विसरलो. घड्याळ थांबले. दोष घड्याळाचा नाही, माझा. सगळी मेहनत त्या एका ओळीनं पाण्यात जाऊ शकली असती. पान फाडणं सोपं होतं. त्यानं फाडलं नव्हतं.

मी उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले. सगळं ऐकून त्यांनी माझी टिपणं पुन्हा पुढ्यात ओढली. "तो माणूस तक्रार करतोय का?"

"नाही. म्हणूनच आले."

प्रदर्शनाचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं, ते योग्यच झालं. सूचीत आणि संग्रहालयाच्या पत्रिकेत दुरुस्ती मी स्वतः लिहिली, त्याच्या नावासकट. पत्रिका छापून आली त्या दुपारी ती घेऊन दुकान गाठलं. लांबट, अरुंद खोली, भिंतभर टिकटिक. बाप-लेक समोरासमोर, दोघांच्याही डोळ्याला भिंग.

मी वडिलांसमोर उभी राहिले. "काका, तुमचा मुलगा थापाड्या नाही. खोटं मी बोलले."

पत्रिका त्यांनी सावकाश वाचली. मग मुलाकडे वळले. "आणि तू मला खुशाल तसं समजू दिलंस?"

"मॅडमचा चेहरा बघवला नाही, बाबा."

"हिच्या चेहऱ्यापायी आपण खोटं ठरायचं होय रे!" ते पुटपुटले, आणि काठी घेऊन उठले. "चहा सांगून येतो. कोपऱ्यावरचा नको, लांबचा सांगतो."

आता आम्ही दोघंच. तो एक बारीकसा स्क्रू चिमट्यात धरून बसला होता.

"राग आला होता," तो म्हणाला. "अजूनही आहे. मला वाटलं... घड्याळवाल्याचं नाव घ्यायची तुम्हाला लाज वाटली."

नाही म्हणता आलं असतं. पण आता खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

"हो. वाटली. सगळ्यांसमोर वाटली. आणि आता त्या लाजेचीच लाज वाटते... झोप लागत नाही."

त्यानं स्क्रू घड्याळापाशी नेला, पुन्हा मागे घेतला. 

"अजून एक आहे," मी म्हणाले. "मला तुम्ही आवडता. याचा त्या दुरुस्तीशी काही संबंध नाही. माफ केलं नाहीत तरी... आवडालच."

टिक्! चिमट्यातून स्क्रू उडाला.

"हलू नकोस!" तो ओरडला. "हलू नकोस... तिळाएवढा आहे तो, मिळत नाही दुसरा!"

हलू नकोस. मॅडम नाही, तुम्ही नाही. आम्ही दोघंही गुडघ्यांवर, जमीन चाचपत. टेबलाखाली कपाळावर कपाळ आपटलं.

"लागलं?"

"नाही... तुला?"

"लागलं," तो म्हणाला. "व्याख्यानाच्या दिवशी. पण आज तू बाबांना आधी सांगितलंस. मला नंतर. ते... ते मला फार आवडलं."

त्याचा तेलकट अंगठा माझ्या बोटांवर येऊन थांबला होता. तेवढ्यात दारात काठी वाजली. बाबांच्या मागे एक गिऱ्हाईकही उभं होतं आणि रस्त्यावरचे दोघेतिघे वाकून आत बघत होते.

"काय हरवलं रे?" बाबांनी विचारलं.

माझा चेहरा तापला. हात मागे घ्यायला हवा होता...

मी घेतला नाही.