सदतिसावा ट्रे

२९० मीटर. सगळ्यांत खोल थर, म्हणून मोजणीला सगळ्यांत आधी.

जमिनीत छिद्रं पाडून काढलेल्या दगडी कांड्यांच्या कोठारात ती शिरली आणि पहिल्याच ट्रेला अडखळली. कोठारवाल्यानं सावरलं ते ट्रेला.

"हे कोट्यवधी वर्षांचं आहे," तो म्हणाला. "तुमचं वय त्या मानानं कमी दिसतंय."

२१० मीटर.

इथे समुद्र कधीच नव्हता, गोड्या पाण्याचं तळं होतं. ते कसं आटलं, हे तिला जीवाश्मांवरून सांगायचं होतं. शुक्रवारी पाचपर्यंत अहवाल गेला तर नोकरी कायम, नाहीतर घरी. ती शिंपले मोजायची, तो कांड्या धुऊन भिंग धरायचा. बोटाला बोट लागलं की... दोघंही घाईघाईनं चिखलाविषयी बोलायचे.

१२० मीटर.

सोमवारी घोडं अडलं. सगळ्या ट्रेंमध्ये खाली खोल पाण्यातले मासे, वर उथळ पाण्यातले शिंपले, म्हणजे तळं आटत चाललेलं. सदतिसाव्यात मात्र खाली शिंपले, वर मासे. तिनं पुन्हा मोजलं. मंगळवारी, बुधवारी, गुरुवारीही. हे तळं आपल्यावर खार खाऊन आहे, असं ती म्हणाली. तो हसला नाही.

३० मीटर.

शुक्रवारी सकाळी त्यानं सदतिसाव्या ट्रेमधली कांडी तिच्यापुढे ठेवली. सुकलेल्या चिखलाच्या भेगा वर रुंद असतात, खाली निमुळत्या. इथे उलट्या होत्या.

"ट्रे उलटा भरलाय. मीच भरला होता, तीन वर्षांपूर्वी."

"कधी कळलं?"

"मंगळवारी." त्यानं हातातलं भिंग पुसलं. "सांगितलं असतं, तर बुधवारी तू गेली असतीस..."

‘तू’ पहिल्यांदाच आलं होतं. तिनं ते ऐकलं, आणि भिंग त्याच्या हातातून काढून घेतलं.

दिवसभर ती एकटीच त्या ट्रेमधल्या कांड्या उलटवून पुन्हा मोजत राहिली. त्यानं दुसऱ्या टेबलावर बसून कार्यालयाला आपली चूक लिहून कळवली, ती कळल्याच्या तारखेसकट.

० मीटर.

पावणेपाच. तक्ता पुरा झाला. शेऱ्याच्या रकान्यात तिनं लिहिलं : ट्रे ३७ उलटा होता, सुलटा केला.

"माझे तीन दिवस खाल्लेस," ती म्हणाली.

"हो."

"थांबवायचं असेल तर ‘थांब’ म्हणायचं. दगडांना मध्ये घालायचं नाही."

तो टेबलावरून उठून तिच्याजवळ आला. मग अगदी हळू — "थांब."

"अहवाल देऊन येते," ती म्हणाली. पण निघताना ‘येते’ सगळेच म्हणतात, म्हणून दारातून वळून तिनं वेळही सांगितली.

"सहा वाजता."