फक्कीनं आखलेली अमेरिका

आदेशची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्या दोघांच्या मध्ये एक मारुती होती, आणि ती माझ्या अंगावर येत होती.

मंचरच्या बाजारपेठेत, दिवसाढवळ्या. मी नुकतीच सायबर कॅफेतून बाहेर पडले होते. पाऊस भुरभुरत होता, म्हणून हातातला ई-मेलचा कागद ओढणीखाली धरलेला, आणि डोकं पार अमेरिकेत. तेवढ्यात ड्रायव्हिंग स्कूलची पाटी डोक्यावर घेतलेली पांढरी गाडी सरळ माझ्या दिशेनं आली. स्टिअरिंगला मिठी मारून बसले होते कापड दुकानाचे माणिकचंद शेठ, आणि त्यांचे डोळे गच्च मिटलेले होते. मी ओरडायलाही विसरले. माझ्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावर गाडी गचका खाऊन थांबली.

डावीकडच्या खिडकीतून एक डोकं बाहेर आलं. केसांवर पावसाचे थेंब, ओठांवर हसू.

"घाबरू नका म्याडम. ब्रेक मी दाबलाय."

"तुम्ही? गाडी तर हे चालवतायत."

"चालवत्यात त्येच. पर ब्रेक माझ्या पायाखालीबी असतो." मग तो शेठकडे वळला. "शेठ, उघडा आता डोळे. हायेत म्याडम जित्या."

मला खरं तर रागवायचं होतं. पण मी हसले, आणि तिथंच काम बिघडलं.

माझ्याबद्दल थोडं सांगते. मी अश्विनी, अवसरी खुर्दची. राहुरीला कृषी अभियांत्रिकी शिकले आणि शेवटच्या वर्षी घरात जाहीर केलं की पुढचं शिक्षण अमेरिकेत. घरच्यांना आश्चर्य वाटलं नाही, कारण माझ्या बाबतीत आश्चर्य वाटून घेणं त्यांनी कधीच सोडून दिलं होतं. जीआरईचे इंग्रजी शब्द मी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत पाठ केले. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ऐकून आईचं डोकं उठवलं. शेवटी आयोवा नावाच्या राज्यातल्या एका विद्यापीठानं मला घेतलं. एका प्राध्यापिकेच्या हाताखाली पिकांच्या पाण्यावर काम करायचं आणि त्या बदल्यात फी माफ, असंही ठरलं. आता मुंबईची व्हिसाची मुलाखत तेवढी बाकी होती. ऑगस्टात जायचं, दोन वर्षांसाठी.

आणि त्या दिवशी ओढणीखाली जो कागद होता, तो तिथं आधीच पोचलेल्या माझ्या कॉलेजमधल्या सीनियरचा होता. तिनं लिहिलं होतं की इथं एस.टी. नाही, रिक्षा नाही, कोथिंबीर आणायलाही गाडी लागते, तेव्हा येताना गाडी शिकूनच ये.

असं सगळं असताना ड्रायव्हिंग स्कूल स्वतःहून माझ्या अंगावर आलं, यात माझा काय दोष?

स्कूल आदेशच्या मामांचं, सावळाराममामांचं. आदेश बी.कॉम. झालेला. शिकवायचं काम सगळं त्याच्याकडे. दुसऱ्या दिवशी मी नाव घातलं आणि रोज सकाळी आमची वरात निघू लागली. मी स्टिअरिंगवर, तो शेजारी, आणि मागच्या सीटवर आपला नंबर येण्याची वाट बघत माणिकचंद शेठ. आईला शेठ मागे असतात हे कळल्यावर तिची काळजी मिटली. शेठ मात्र गाडी सुरू झाली की डोळे मिटून घ्यायचे, त्यामुळे पाहणारं कुणीच नव्हतं.

आदेश कमी बोलायचा आणि बोलला की खोडी काढायचा. मी क्लच सोडताना गाडी उडाली की म्हणायचा, "अमेरिकेला अशीच उडत जाणार का?" मी उलट विचारायचे की तुमच्या मामांनी तुम्हाला शिकवताना किती कोंबड्या मारल्या. चौथ्या का पाचव्या दिवशी 'म्याडम' गळून पडलं. त्यानंतर 'तुम्ही' गेलं. ते कुणी आधी सोडलं यावर आमचं अजून एकमत नाही.

एकदा त्यानं मला जुन्नरच्या बाजारातून गाडी काढायला लावली. अरुंद गल्ल्या, दोन्ही बाजूंनी मोटारसायकली, मधोमध एक म्हैस आणि समोरून येणारा टेम्पो. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याच्या पायाकडे पाहिलं. पाय ब्रेकच्या वर, हलका, चिमणीच्या पिलावर हात धरावा तसा. पण त्यानं तो दाबला नाही. अख्खा बाजार संपला तरी नाही. बाहेर मोकळ्या रस्त्याला लागल्यावर तो एवढंच म्हणाला की जिला जुन्नर जमलं तिला काहीही जमेल. मला वाटलं, हा माणूस शेजारी असला की मी विमानसुद्धा चालवीन.

परत येताना चहाला थांबलो. सीनियरनं पाठवलेले तिथल्या वाहतुकीचे नियम मी वाचून दाखवत होते.

"तिथं सगळं उजव्या बाजूनं चालवायचं असतं. तेही शिकव मला."

"ते आमच्या शिलॅबसात न्हाई."

"आणि हे ऐक. चौकात 'स्टॉप' लिहिलेलं असलं की पूर्ण थांबायचं. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी."

"कुणीच नसताना?" त्याला फार गंमत वाटली. "मंग थांबून करायचं काय?"

"दोन्हीकडे बघायचं."

"आन् दोन्हीकडं कुणी नसलं तर?"

"तर शेजारी बसलंय त्याच्याशी बोलायचं."

तो बशीतल्या चहाकडे बघत राहिला. कान मात्र लाल झाले होते. शेठ बिस्किट बुडवत बसले होते, त्यांनी त्या वेळी नेमके डोळे उघडे ठेवले होते असं मला वाटतं.

मुंबईची मुलाखत चांगली झाली. काचेपलीकडच्या बाईनं मला पाण्याबद्दल विचारलं आणि मी कुकडीच्या कालव्यापासून सुरुवात केली. तिनं हसून पासपोर्ट ठेवून घेतला. म्हणजे व्हिसा मिळाला. ही बातमी मी घरी सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदेशला सांगायची म्हणून जपून ठेवली.

पेठच्या पुढे नाशिक रस्ता सरळ होता, ओला आणि रिकामा. मी गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकली, आरशात पाहिलं आणि अगदी सहज म्हटलं, "व्हिसा मिळाला मला."

गाडी जागच्या जागी थांबली.

मी पुढे आपटले, शेठ मागून पुढे आले. इंजिन बंद पडलं. "कुत्रं आलं का?" शेठनी विचारलं.

कुत्रं नव्हतं. माणूस नव्हता. पार वळणापर्यंत काहीसुद्धा नव्हतं. मी आदेशकडे पाहिलं. तो स्वतःच्या पायाकडे पाहत होता, तो पाय दुसऱ्याच कुणाचा असावा तसा.

"ब्रेक का दाबलास?"

"पाय... पडला."

जुन्नरच्या म्हशीसमोर ज्याचा पाय पडला नव्हता, त्याचा. मी गाडी पुन्हा सुरू केली. मंचरला उतरताना तो "अभिनंदन" म्हणाला, तेही खिडकीबाहेर बघत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सीटवर सावळाराममामा होते. आदेश गावाला गेलाय म्हणाले. त्याची मोटारसायकल स्कूलच्या दारातच उभी होती. तिसऱ्या दिवशीही मामा. मामा गाडीत बसले की झोपायचे, आणि मी त्यांना झोपवत झोपवत उत्तम गाडी चालवत होते. पण मन कशातच नव्हतं.

आता मनातलं स्पष्टच सांगते. मी आदेशच्या प्रेमात होते. तोही होता, ते त्या ब्रेकनं सांगितलंच होतं. पण जाण्याचं माझं पक्कं होतं, त्यात बदल होणार नव्हता. भीती वेगळीच होती. हा मुलगा 'जाऊ नको' म्हणाला, तर माझ्या मनातून उतरेल. आणि तो मनातून उतरावा असं मला अजिबात, अजिबात वाटत नव्हतं.

बॅगा भरायला घेतल्या होत्या. आईनं शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली होती. मी चौथ्या दिवशी मामांना जागं केलं आणि म्हटलं, "आदेशला निरोप द्या. माझं उजव्या बाजूचं शिकायचं राहिलंय."

दोन दिवस काही घडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्या, म्हणजे माझे वडील हौशीराम, फेरफटका मारून आले ते चक्रावूनच. आमच्या गावाला बैलगाड्यांच्या शर्यतीचा घाट आहे. यात्रेत त्या चढावर गाडे पळतात, आणि एरवी माथ्यावरच्या मोकळ्या मैदानात शेळ्या चरतात.

"घाटाच्या माथ्याला कुनी चुन्याची फक्की मारून ठिवलीय," तात्या सांगू लागले. "कबड्डीचं म्हनावं तर तसंबी न्हाई. मधी कायतरी इंग्रजी लिवलंय. लई येडा मानूस दिसतोय."

बोलताना ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत होते. मी चप्पल घातली.

मैदानावर पांढऱ्या फक्कीनं आखलेला चौक होता. चारी बाजूंना रुंद रस्ते, मधोमध तुटक रेघा, पायी जाणाऱ्यांसाठी पट्टे. कडेला मारुती उभी आणि तिला टेकून आदेश. हातापायाला, केसांना, भुवईलासुद्धा फक्की लागलेली. माझी नजर सगळीकडे फिरली आणि एका जागी थांबली.

"स्टॉप चुकीच्या बाजूला लिहिलंय."

त्यानं वाकून पाहिलं. खरंच चुकलं होतं. न बोलता चपलेनं ते पुसलं, घमेल्यातून मूठभर फक्की घेतली आणि उजव्या बाजूला पुन्हा लिहिलं. मग माझ्यासाठी दार उघडलं. "बस. शिलॅबस बदललाय."

मी बसले. तो शेजारी बसला. सवयीनं मी त्याच्या पायाकडे पाहिलं. तिथं ब्रेकच नव्हता.

"ब्रेक कुठाय तुझा?"

"काढला. डिकीत हाय."

"मामांना माहीत आहे?"

"न्हाई. म्हणून जरा हळू चालव." त्यानं दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घातली. मांडीवरचे हात मात्र घट्ट आवळलेले.

मी निघाले. सुरुवातीला हात आपोआप डावीकडे ओढायचे, तो नुसतं "उजवी..." म्हणायचा. एक फेरी, दुसरी फेरी. रस्ता अंगात भिनायला लागला. शेळ्या लांब उभ्या राहून अमेरिका बघत होत्या. तिसऱ्या फेरीला वर आभाळ दाटलं, आणि समोर फक्कीतलं 'स्टॉप' आलं. मी ब्रेक दाबला. पूर्ण. गाडी रेघेवर उभी राहिली.

उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. चिटपाखरू नव्हतं.

"नियम आठवतोय?" मी विचारलं.

तो समोर बघतच बोलला. "त्या दिशी पाय पडला नव्हता. मीच दाबला. तू चालली ऐकलं, आन्... थांबवावंसं वाटलं. मागून ट्रक असता तर? तुला काय झालं असतं, तर? मला माझीच लाज वाटली, म्हणून तोंड लपवलं."

"आणि आता?"

"आता काढलाच तो." त्यानं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. भुवईवर फक्की तशीच. "तू जा, अश्विनी. मस्त शिक. मला तू आवडती. लई आवडती. पर ते तू थांबावं म्हणून सांगत न्हाई. तुला ठावं असावं, म्हणून सांगतो."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी सहसा रडत नाही, हे नोंदवून ठेवा. छातीवरचं ओझं मात्र एका क्षणात उतरलं, आणि माणूस मनात होता त्याहून आत गेला.

"मलाही तू आवडतोस," मी म्हटलं. "कधीपासून, ते विचारू नको. शेठनी डोळे मिटले होते तेव्हापासून."

तो हसला. तेवढ्यात सर आली. टपावर ताशा वाजल्यासारखा आवाज सुरू झाला.

"दोन वर्षं म्हंजे लई न्हाईत," तो म्हणाला.

"लई आहेत."

"हां. लई हायेत." त्यानं कबूल केलं, आणि ते त्यानं कबूल केलं म्हणूनच मला धीर आला. मी गिअरवरचा हात उचलला आणि त्याच्या फक्कीनं भरलेल्या हातावर ठेवला. तो हात थंड होता. हळूहळू ऊबदार झाला.

"ऐक," मी म्हटलं. "मी परत येईन तेव्हा मला उजव्या बाजूची सवय लागलेली असेल. विमानतळावरून घरापर्यंत गाडी तर मीच चालवणार. तेव्हा शेजारी ब्रेकवाला लागेल मला. आणि पुढेही लागेल. कायमचा."

"ही नोकरी हाय, का..."

"तुला काय वाटतं?"

"तवा बसवतो परत ब्रेक," तो म्हणाला. "तवर डिकीतच राहू दे."

काचेबाहेर फक्की पाण्याबरोबर वाहायला लागली होती. आधी तुटक रेघा गेल्या, मग पट्टे, मग 'स्टॉप'मधलं एकेक अक्षर. बघता बघता चौक नाहीसा झाला आणि आमच्या घाटाचं ओलं, तांबडं मैदान तेवढं उरलं.

"गेली तुझी अमेरिका," तो म्हणाला. "उद्या परत आखतो."

"नको. मला आली ती."

मी गाडी सुरू केली, पहिला गिअर टाकला. गावाकडे उतरणारा रस्ता समोर होता. त्यानं मांडी मोडली नव्हती.

"आता कुठल्या बाजूनं नेणार?" त्यानं विचारलं.

"डावीकडून," मी म्हटलं. "घरी जायचंय. तात्या वाट बघत असतील, तूही चल."