अळणी पान

सर्वपित्री अमावास्येच्या सकाळी पूर्वी लालबागच्या बाजारात केळीची पानं आणायला गेली. एकेक पान उजेडाकडे धरून, फाटलेलं नाही ना, शेंडा शाबूत आहे ना, असं बघून ती घेत होती.

"अगं, नवरा निवडतेस काय?" पानवाली मावशी म्हणाली. "जेवणारे काय तक्रार करायला येणार नाहीत."

पूर्वी नुसती हसली. अनोळखी माणसाशी ती शक्यतो बोलतच नसे. वर्गात हजेरी देतानाही तिचा आवाज पुढच्या बाकापर्यंत पोचत नसे.

ती घरी आली तेव्हा आई ऑफिसला निघायच्या घाईत होती. तिला रजा मिळाली नव्हती. पहाटे उठून तिने सगळा स्वयंपाक केला होता आणि ओट्याच्या कडेला छोटी छोटी पातेली वेगळी झाकून ठेवली होती.

"ही अळणी आहेत. यांत मीठ घालू नकोस. कावळ्याचं खिडकीबाहेर ठेव आणि बुडालेल्या आजोबांचं पान वाढ. आत्या फोन करेल, ती सांगेल तसं कर. पप्पा संध्याकाळपर्यंत येतीलच."

पप्पा खोल समुद्रातल्या तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटीवर इंजिनरूममध्ये कामाला होते. वादळी हवेमुळे बोट अडकून पडली होती. ती आज धक्क्याला लागणार होती. घरी आले की ते बेल लागोपाठ दोनदा वाजवायचे आणि दारातच म्हणायचे, "शेठ, माल आलाय." शेठ म्हणजे पूर्वी. पप्पा जन्मापासून परळचे. आत्या मालवणी बोलायला लागली की ते हसून म्हणायचे, "समजतं सगळं, पण जिभेवर बसत नाय यार."

बुडालेले आजोबा म्हणजे पप्पांच्या पणजोबांचे धाकटे भाऊ, राघो. राणीच्या राज्यातली गोष्ट. थोरला भाऊ परळच्या गिरणीत लागला होता आणि त्याने धाकट्याला बोलावून घेतलं होतं. पावसाळ्याआधीच्या शेवटच्या आगबोटीने राघो मालवणहून निघाला. वाटेत तुफान झालं. आगबोट मुंबईला आलीच नाही. माणसं नाहीत, फळीसुद्धा नाही. थोरला भाऊ गिरणी सुटली की धक्क्यावर जाऊन उभा राहायचा. आगबोटींचा हंगाम संपला होता, तरी जायचा.

तेव्हापासून राघोचं पान घरात निराळं वाढत. अळणी. "तेच्या पोटात मीठ कमी गेलाहा काय?" असं शेवंतीआत्या म्हणायची. चाळीत होते तोवर हे सगळं आत्याच करायची. यंदा ती मालवणला होती, पाय प्लास्टरमध्ये. आणि चाळ पाडून बांधलेल्या टॉवरमधला, बाविसाव्या मजल्यावरचा पितरांना जेवू घालायचा हा पहिलाच म्हाळ होता.

दुपारी आत्याचा फोन आला. आवाज तुटत होता. "पान नेहमीच्या जागेर ठेव. आणि मोठ्यान सांग, जेव आणि परत जा. मनात नको गो, मोठ्यान..." मग फोन कटच झाला.

नेहमीची जागा म्हणजे चाळीतल्या खोलीचा उंबरा. इथे उंबराच नव्हता. दाराशी चपलांचं कपाट होतं, त्याला टेकून सगळ्यांच्या ओल्या छत्र्या. चपलांजवळ कुणाला जेवायला बसवायचं, हे पूर्वीच्या मनाला पटेना. शेवटी तिने जेवणाच्या टेबलावर, पप्पांच्या खुर्चीसमोर पान मांडलं. पप्पा नव्हतेच, आणि तिथून शिवडीचा समुद्र दिसतो म्हणून ती जागा तिला सगळ्यात चांगली वाटली.

भात, वरण, भाजी, वडे, खीर. शेजारी पाण्याचा तांब्या. मग ती हात जोडून उभी राहिली. घरात कुणी नव्हतं, तरी तिचे कान तापले. पाहुण्याला तोंडावर "जा" कसं म्हणायचं?

"बसा..." ती पुटपुटली. "जेवा."

पितरांच्या पानाकडे बघत उभं राहू नये म्हणून ती आतल्या खोलीत गेली आणि दार लोटून पलंगावर बसली. खिडकीच्या फटीतून वारा आत शिरताना बारीक शिटी वाजे. सकाळपासून वाजतच होती. आता ती हळूहळू खाली उतरली, जाड झाली, लांब झाली. फार दूरवर, पाण्यावर कुणीतरी भोंगा देत असावं तशी. मग वास आला. खालच्या इस्त्रीवाल्याच्या शेगडीतून येतो तसा कोळशाचा धूर, आणि त्याच्या आत भिजलेल्या घोंगडीचा, कुबट.

बाहेर खुर्ची सरकली.

आई खुर्ची उचलून ठेवते. पप्पा ओढतात. ही ओढल्यासारखी होती, पण सावकाश. बसणाऱ्याला खुर्चीची सवय नसावी. त्यानंतर कितीतरी वेळ फक्त एकच आवाज. टप... टप... फरशीवर.

भोंगा थांबल्यावर ती बाहेर आली. पान चाटून पुसून स्वच्छ झालं होतं आणि नीट मिटलेलं होतं. खिडक्या बंद. खिडकीबाहेरच्या कावळ्याच्या घासाला मात्र कुणी शिवलं नव्हतं. पप्पांच्या खुर्चीची गादी भिजली होती. तिने बोट लावलं. बोट वाळलं तसं त्यावर पांढरं उमटलं.

तिने आत्याला फोन लावला.

"खंय ठेवलंस पान?" सगळं ऐकून घेऊन आत्याने विचारलं.

"पप्पांच्या जागेवर."

आत्याचा आवाज अगदी खाली आला. "बाय माझे... ती जित्या माणसाची जागा. त्याका आमी दरवर्सा उंबऱ्यारसूनच परत धाडतंव. आत घेतलंव नाय कधी. जा म्हणून तरी सांगितलंस मा?"

"मी बसा म्हटलं. जेवा म्हटलं."

"मयूर खंय आसा?"

"पप्पा बोटीवर आहेत. येतायत."

"त्याका फोन कर. आणि आयक. तो पुन्ना जेवूक बसलो तर भियां नको. त्याका सांग, जेव आणि परत जा. तू बसयलंस, तुयाच उठवूक व्हया."

पप्पांचा फोन लागत नव्हता. तिने मेसेज टाकला, *पप्पा, कुठे आहात?* एकच टिक आली.

आई आली तेव्हा काळोख पडायला लागला होता. गादी बघून ती म्हणाली, "तांब्या सांडलास ना? असू दे." पूर्वीने तोंड उघडलं, तेवढ्यात बेल वाजली. एकदाच.

दारात पप्पा उभे होते. कपडे अंगाला चिकटलेले, पाय अनवाणी, बॅग नाही.

"अरे, हे काय?" आई म्हणाली. "सामान कुठाय? फोन का लागत नाही तुझा?"

"पाण्यात गेला," पप्पा म्हणाले आणि थेट आपल्या खुर्चीत जाऊन बसले.

आईला एवढा आनंद झाला होता की ती वाढायलाच धावली. घाईत तिने अळणी पातेलीच उघडली. पूर्वीने ते पाहिलं. पप्पांना मिठाशिवाय घास उतरत नसे. भाजी जरा सपक झाली की ते मिठाची बरणी जवळ ओढायचे. आज बरणी हाताशी होती आणि ते मान खाली घालून, न थांबता जेवत होते.

"मीठ?" आईने एक घास चाखून विचारलं. "अगं बाई, हे तर..."

"बरा आसा," पप्पा म्हणाले.

आई हसली. "मालवणी कधीपासून?"

त्यांनी दाराकडे पाहिलं, मग आईकडे. "दादा खंय आसा? धक्क्यार सगळीकडे बघलंय. गावलो नाय."

पप्पांना एकच बहीण होती. शेवंतीआत्या.

"कोण दादा?" आईचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं.

पूर्वीने टेबलाखाली फोन उघडून बघितला. मेसेजसमोर अजून एकच टिक होती. खुर्चीखाली फरशीवर पाणी पडत होतं. टप... टप... वाक्य तिच्या ओठांशी आलं होतं. पण ते हात पप्पांचे होते. डाव्या अंगठ्यावर इंजिनाने भाजल्याचा डाग होता, भुवईतली जुनी खोक होती. हे पप्पाच असले तर? या माणसाला ती परत जा म्हणाली आणि तो उठून गेला, तर त्यांच्यातलं कोण जाईल?

पप्पांनी शेवटचा घास घेतला. ताट चाटून पुसून स्वच्छ झालं होतं. त्यांनी हळूच मान वर केली आणि तिच्याकडे बघत राहिले. कुणीतरी काहीतरी म्हणायचं राहिलंय, त्याची वाट बघावी तसे.

"बोल गो, शेठ," ते म्हणाले. "मोठ्यान बोल."