पन्नास ओहम

दिपेशचं वागणं सत्यवतीला मुळीच रुचत नव्हतं. नवं मीटर लागल्यापासून तो कामोठ्यात बसून मोबाइलवर नागावच्या घरची वीज बघायचा आणि आईची उलटतपासणी घ्यायचा. रोज चारच्या सुमाराला काय लावतेस? काही न्हाय लावत, तिनं सांगितलं. तर म्हणे, आई, तुझ्या लक्षात राहत नाही. पोटच्या पोरानं आईला खुळ्यात काढावं, तेही मोबाइल बघून!

गेल्या रविवारी तो मित्राचा, करंट मोजायचा चिमटा-मीटर घेऊन आला. बोर्डातून वाडीच्या टोकाला, पंपघराकडे जाणारी जुनी लाईन होती. तिथला पंप हलवून तीन वर्षं झाली होती. चारला दिपेशनं चिमटा लावला. शून्य. पंपघरात काही जळत नाही, म्हणजे घरात तूच काहीतरी लावून विसरतेस, असा त्यानं निकाल दिला. पुढच्या रविवारी येतो, ही तार तोडतो आणि तुला कामोठ्याला नेतो. आठव्या मजल्यावर, जिथून पोफळीचा शेंडाही दिसत नाही.

तो गेल्यावर तिनं भांडी घासली. एक ताट, एक वाटी, एक कप. मग आठवलं ते असं, की हातातला कप खाली ठेवावा लागला.

पोरानं चिमट्यात दोन्ही तारा धरल्या होत्या.

तिचा नवरा अनंता वायरमन. ती तिसरीतून शाळा सोडलेली, पण त्यानं तिला एवढं शिकवलं होतं की जाणारा करंट आणि येणारा करंट एकत्र धरला तर चिमटा शून्यच दाखवतो. एकच तार धरायची. मग व्होल्टला अँपिअरनं भागायचं, म्हणजे ओहम. गुणायचं, म्हणजे वॅट. पंपघराच्या दारावर खडूनं गणितं घालून तो तिची परीक्षा घ्यायचा आणि चुकली की हसायचा.

सोमवारी तिनं ट्रंकेतून अनंताचा चिमटा काढला, त्यात नवे सेल घातले. चारला पाच मिनिटं असताना बोर्डाशी स्टूल ओढून बसली. शेजारचे आपली माणसं घेऊन काशीदला गेले होते. वाडीत झावळ्यांखेरीज कुणाचा आवाज नव्हता.

चारला तिनं नुसती लाल तार धरली. चार पूर्णांक सहा.

बोर्डावरचा व्होल्टचा आकडा होता दोनशे तीस. तिनं कोळशानं फरशीवर भागाकार मांडला, पुसला, पुन्हा मांडला. पन्नास. गुणाकार केला. एक हजार अठ्ठावन्न वॅट.

बाजारात हजार वॅटची विजेची शेगडी मिळते, दोन हजारची मिळते. एक हजार अठ्ठावन्नची कुणी विकत नाही. ती एकच होती. अनंतानं स्वतः तार मोजून कॉईल वळली होती, बरोबर पन्नास ओहमची, सत्यवतीला भागाकार सोपा जावा म्हणून. पंपघरात रोज चारला तो त्या शेगडीवर चहा ठेवायचा. तिथेच, आधण आटून पातेलं लाल होईपर्यंत, तो मान टाकून बसलेला तिला सापडला होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं ती कॉईल उपटून विहिरीत टाकली. डुबुक असा आवाजसुद्धा ऐकला होता.

आठव्या मिनिटाला आकडा शून्यावर आला. एका कपाला आठच मिनिटं लागायची.

मंगळवारी तिनं स्वतःलाच खोटं पाडायचं ठरवलं. व्होल्टेज पडलं होतं, दोनशे दहा. चिमट्यात चार पूर्णांक दोन. भागाकार केला.

पन्नास.

दाब कमी झाला, करंट कमी झाला. पन्नास मात्र हललं नाही.

बुधवारी आकडा शून्यावर येताच ती कमरेची किल्ली घेऊन वाडीच्या टोकाला गेली. कुलूप गंजलेलं. चौकटीवरचं कोळिष्टक अखंड. आत शेगडीची मातीची तबकडी होती, तिच्यातल्या कॉईलच्या रिकाम्या खाचा होत्या. तिनं तळहात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

संध्याकाळभर ती हाताला खोबरेल लावत बसली. त्या दिवशी तिचं जेवण राहिलंच.

गुरुवार, शुक्रवार तिनं चिमटा लावलाच नाही. चार वाजले की मागच्या पडवीत बोर्डाकडे पाठ करून बसायची. पाठ करून बसलं तरी चार वाजतात हे कळायचंच.

शनिवारी मात्र ती बोर्डाशी बसली. उद्या तार तुटणार होती.

दोनशे तीस. चार पूर्णांक सहा.

आठ मिनिटं झाली. आकडा उतरला नाही.

नऊ. दहा.

अनंता एकटा असला की आठ मिनिटं. ती जाऊन बसली की तेरा.

अकरा. बारा.

तेराव्या मिनिटाला शून्य.

वाडीत झावळ्याही थांबल्या होत्या. सत्यवती उठली. केस बसवले, पदर नीट केला. फडताळातून दोन कप काढले, आपला आणि अनंताचा बिनकानाचा. वाडीच्या वाटेला लागता लागता तिनं कामोठ्याला फोन लावला.

"दिपेश, तुझंच खरं," ती म्हणाली. "चारला शेगडी मीच लावते. उद्या यायचं न्हाय, आणि माझ्या जिवात जीव हाय तोवर त्या तारेला हात लावायचा न्हाय. चिमट्यात दोन्ही तारा धरणाऱ्यानं आईला विसराळू म्हणू नये. ठेव फोन. चहा निवतोय."