बोंडाएवढा तुकडा

आधी माझ्या निळ्या ओढणीवर पांढऱ्या रंगाचा थेंब पडला. मग वरून आवाज आला, "सरका ताई, रंग पडते."

पडून गेल्यावर सांगणारी माणसं मला मुळातच आवडत नाहीत. त्यात त्या दिवशी सकाळपासून माझं डोकं तापलेलं. मी वर पाहिलं. धाडच्या बाजारात, कृषी केंद्राच्या भिंतीला शिडी लावून एक पोरगा बीटी बियाण्याची जाहिरात रंगवत होता. काळ्या पातळ साच्यावरून ब्रश फिरवायचा, साचा उचलायचा, की भिंतीवर कापसाचं एक टपोरं बोंड.

"शिवम पेंटर तुम्हीच काय?"

"हाव. काऊन?"

"रज्जाकभाईच्या भंगारातून जुने एक्सरे तुम्ही नेले?"

"नेतो ना. साचा मस्त होते त्याचा."

"खाली उतरा."

तो उतरला. सडपातळ, कानाच्या पाळीला रंग लागलेला. मी त्याला सगळं ऐकवलं. माझे बाबा, पुंजाजी, फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी श्रीलंकेत त्यांच्या पाठीत बॉम्बचा छर्रा घुसला आणि मणक्याजवळ कायमचा राहिला. बाबा त्याला 'भाडं न देणारा भाडेकरू' म्हणायचे. आता मात्र त्यांचा डावा पाय बधिर होत होता. औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, जुना एक्सरे आणा. छर्रा तेव्हाच्या जागेवरून सरकला असेल तर ऑपरेशन, आणि त्यात दोन्ही पाय जायची भीती. सरकला नसेल तर हात लावायचा नाही. उद्या सकाळची वेळ दिली होती.

तो एक्सरे होता माजी सैनिकांच्या दवाखान्यात, बाबांच्या फाइलीत. आणि सगळ्या फाइली नुकत्याच कॉम्प्युटरवर गेल्या होत्या. कागद स्कॅन झाले. एक्सरे त्या स्कॅनच्या मशिनमध्ये मावेनात म्हणून रद्दीबरोबर रज्जाकभाईला विकले गेले. "आता तुमची फाइल कुठूनही दिसते," तिथला माणूस कौतुकाने म्हणाला. दिसत होतं खरं, छर्रा सोडून सगळं दिसत होतं.

शिवम ऐकता ऐकता ब्रश पुसत होता, त्याचाही मला राग आला.

"वळखाल कसा?" शेवटी त्याने विचारलं.

"फाइलीत जायच्या आधी घरीच होता, लहानपणापासून पाहून राह्यली. कोपऱ्यात बाबांचा नंबर आहे. अन् मणक्याजवळ पांढरा ठिपका, तांदळाच्या कणीएवढा."

त्याने मोटारसायकलच्या पिशवीतून साच्यांची चळत काढली. एकेक साचा आम्ही उन्हाकडे धरू लागलो. कुणाची मांडी, कुणाचं मनगट, आणि प्रत्येकात त्याने कापलेली अक्षरं. एका एक्सरेतून दोघांनी बघायचं तर डोक्याला डोकं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"ही कोनाची तरी कवटी. याच्यात 'भरघोस' कापलं मी."

"हसू नका तुम्ही."

"हसून नाई राह्यलो…" तो हळूच म्हणाला, "घाबरलो."

चळत संपली. मग आम्हा दोघांचीही नजर एकदमच शिडीला टेकवलेल्या ओल्या साच्याकडे गेली. त्याने फडक्याने कोपरा पुसला. खाली नंबर होता. बाबांचाच. आणि जिथे मणका असायला हवा, तिथे बोंडाच्या आकाराचं भोक.

मी त्या भोकात बोट घातलं. "मधातला तुकडा कुठं आहे?"

तो शिडीच्या पायरीवर बसला. "फेकला नाई… घरी आहे. बहुतेक."

"बहुतेक?"

"बसा गाडीवर."

भर बाजारातून परक्या पोराच्या गाडीवर बसून जायचं, म्हणजे बातमी माझ्याआधी घरी पोचणार. तरी बसले. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी होती.

दारात त्याची आई, चांगुणाबाई. तिने मला पाहिलं, ओढणीवरचा रंग पाहिला, मग लेकाकडे पाहिलं. "कोन व्हय रे ही?"

"मागून सांगतो, माय."

स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली होती. फुटक्या जागेवर ते काळं बोंड चिकटपट्टीने लावलेलं. मागून ऊन आलं होतं. मणके दिसत होते, आणि त्यांच्या बाजूला पांढरी कणी.

"हा?" शिवमचा आवाज बसला. "मी त रंगाचा थेंब समजलो. चहा पेता पेता कितीकदा नखानं खरवडला… निघाला असता त?"

मला चिडायचं होतं. पण त्याने ते नख मुठीत दडवलं होतं, आणि मला चिडता येईना.

"तुम्ही काढा," तो म्हणाला, "माह्या हातून नको." पट्टी मी ओढली, तुकडा त्याने खालून तळहातावर झेलला.

रंग पुसून द्यायला एक्सरे त्याने ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी तो एसटी स्टँडवर हजर होता, स्वच्छ पुसलेला एक्सरे छातीशी धरून, आणि न बोलावताच आमच्याबरोबर चढला. औरंगाबादला डॉक्टरांनी तुकडा भोकात बसवला, दिवा लावला, शेजारी नवा एक्सरे ठेवला. मोजलं. पुन्हा मोजलं. बाबा भिंतीकडे बघत होते. मी कुणाची तरी बाही घट्ट धरली होती.

"हललेला नाही," डॉक्टर म्हणाले. "पायाचा त्रास नसेचा आहे, गोळ्यांनी कमी होईल. जो हलत नाही त्याला आपण हात लावायचा नाही."

मी बाही सोडली. ती शिवमची होती.

बाहेर आल्यावर बाबांनी त्याला न्याहाळलं. "म्हंजे माह्या पाठीतून कापूस पिकवला तुनं?"

"हाव, काका," तो खाली मान घालून म्हणाला.

"भिंतीवर तरी पिकला. वावरात त बोंडअळीनं ठेवलाच नाई." आणि बाबा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग चहा सांगायला पुढे गेले.

शिवमने खिशातून टर्पेंटाइनची छोटी बाटली काढली. "ओढणी द्या. डाग काढून देतो. त्याच्यासाठीच आलो."

"त्याच्यासाठी औरंगाबादपर्यंत?"

"…नाई."

"मंग?"

"निशिगंधा," तो म्हणाला. बाबांच्या तोंडून ऐकलेलं माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं; त्याचं 'ताई' वाटेत कुठेतरी गळून गेलं होतं. "काल तुम्ही गाडीवरून उतरल्या… तवापासून मले करमत नाई. एवढंच."

धुतलेल्या ओढण्या घरी असताना मी तीच डागाची का घेतली होती, हे मला तोवर सांगता आलं नसतं. आता आलं असतं. तो मला आवडला होता. मी ओढणी खांद्याभोवती ओढून घेतली.

"राहू द्या डाग."

"काऊन?"

"डॉक्टरनं काय सांगतलं? जो हलत नाई त्याले हात लावायचा नाई."

त्याने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.