बाहेरच्या भिंतीतलं दार

लोकांच्या आठवणींवर भरवसा ठेवून घर सजवायला घेतलं की काम फसतं, हे मी पंधरा वर्षांत चांगलं शिकले आहे. लोक छातीठोकपणे सांगतात, ‘कपाट छताला टेकायचं हो,’ आणि निघतं ते कमरेएवढं. कारण तेव्हा तेच गुडघ्याएवढे असतात. म्हणून जुनी खोली नव्यानं उभी करायची असली की मी घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं बसवते आणि ट्रेसिंग पेपरवर नकाशा काढायला लावते. मग सगळे कागद एकमेकांवर ठेवून खालून दिवा लावायचा. ज्या रेघा जुळतील त्या खऱ्या, बाकीचा पसारा.

हे दोघं भाऊबहीण आले तेव्हाही मी तेच केलं. भाऊ पन्नाशीचा, बहीण त्याच्याहून चार वर्षांनी लहान. ती त्याला दादा म्हणायची म्हणून मीही दादाच म्हणू लागले, आणि तिला ताई. त्यांची आई विसरत चालली होती. जुनं घर पाडलेलं, फोटो एकही नाही. या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणल्यापासून ती रोज दुपारी पिशवी भरून दाराशी उभी राहायची आणि पोटच्या पोरांना म्हणायची, ‘मला घरी सोडता का हो?’

‘मला अहो-जाहो करते ती,’ दादा म्हणाला. ‘मला बाकी काही नको. आपली खोली दिसली, तर एकदा तरी बंड्या म्हणून हाक मारेल. तेवढ्यासाठीच हा खटाटोप.’

ताईला आई चिमी म्हणायची, हेही दादानंच सांगितलं.

नकाशे नेहमीसारखेच निघाले. पलंग याचा इकडे, तिचा तिकडे. खिडकीच्या मापावरून तर माझ्यासमोरच दोघांची जुंपली. फक्त एक गोष्ट तंतोतंत जुळली: पलंगाच्या पायथ्याशी, भिंतीत, एक अरुंद दार. दोन्ही कागदांवर रेघेवर रेघ. असं मी कधीच पाहिलं नव्हतं. बोटभर तरी चुकतंच माणसाचं.

‘या दारातून कुठे जायचात?’ मी दादाला विचारलं.

‘कुठेच नाही. ती बाहेरची भिंत. पलीकडे रस्ता.’

‘मग दार कसं?’

तो कागदाकडे बघत राहिला. ‘होतं खरं,’ म्हणाला.

ताईला बाजूला घेऊन विचारलं. तीही शब्द न शब्द तेच म्हणाली, आणि मग दंड चोळत बसली.

इथे मी थांबायला हवं होतं. निदान आईला तरी विचारायचं. पण नियम माझाच, आणि तो मोडायचा म्हणजे माझ्या जिवावर येतं. मी सुताराला खोटं दार करायला सांगितलं. चौकट, फळी आणि मूठ; बिजागऱ्या मात्र नाहीत. मागे सलग भिंत, आणि भिंतीमागे चार मजल्यांची हवा.

‘उघडायचंच नाही तर भिंतीवर चित्र काढून टाका की,’ सुतार कुरकुरला. तरी आठ स्क्रू आणि डबाभर गोंद लावून त्यानं ते असं बसवलं, की दोन माणसं लोंबकळली तरी हलायचं नाही.

आई खोलीत आली आणि तिनं पिशवी खाली ठेवली. पलंगावर बसून पाय वर घेतले. त्या दिवशी ती पोटभर जेवली, आणि पुढचे आठ दिवस घरी सोडा म्हणून एकदाही म्हणाली नाही. दादाच्या जिवात जीव आला. मीही मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

नवव्या दिवशी दुपारी मी शेवटची पाहणी करायला गेले. आई दाराकडे तोंड करून बसली होती. चौकटीसमोर नव्या फरशीवर बारीक माती सांडली होती. मी सवयीनं भिंतीला हात लावून पाहिला, गार होती. मूठ मात्र कोमट लागली, आत्ताच कुणीतरी धरून सोडल्यासारखी.

‘दार बसवलंत, बरं केलंत,’ आई हळूच म्हणाली. ‘पोरं खोळंबली होती.’

‘पोरं हॉलमध्ये आहेत, आजी. चहा पिताहेत.’

तिनं हॉलकडे पाहिलं आणि माझा हात धरून मला जवळ ओढलं.

‘ही दोघं फार चांगली आहेत हो. मायेनं करतात माझं सगळं. पण माझी नव्हेत. माझी घरीच राहिली होती.’

वय झालं की असं बोलतात, असं स्वतःला बजावत मी हॉलमध्ये आले. दादानं पुढे केलेला कप घेतला. आई काय म्हणाली ते सांगायचा धीर मला झाला नाही.

तेवढ्यात आतून हाक आली. चांगली खणखणीत.

‘बंड्या!’

दादाचे डोळे भरून आले. तो धडपडत उठला. तो ओ देणार, त्याआधीच खोलीतून कुणीतरी ओ दिली.

‘आलो गं आई.’

सात-आठ वर्षांच्या मुलाचा आवाज. मग अनवाणी पावलांची धावपळ, आणि आईचं हसणं.

दादा हळूहळू खाली बसला. मी उठायला लागले, तर त्यानं मान हलवली.

‘नको. माझाच आवाज आहे तो,’ तो म्हणाला. ‘खूश आहे ती. असू दे.’

आईनं दुसरी हाक मारली.

‘चिमे!’

उत्तर आलं तेव्हा ताईनं दोन्ही कान गच्च दाबून धरले होते.