बोहारणीने नेलेलं निळं जॅकेट

"माझी पिशवी कुठेय?" सेलिन माळ्याच्या शिडीपाशी उभी राहून ओरडली. "इथेच ठेवली होती! रोवेना, तू हलवलीस?"

"मी कशाला हलवू?" रोवेना धावत आली. मागोमाग तिचा धाकटा भाऊ केनी, तोंडात केळं कोंबून.

नाताळच्या सुट्टीत लंडनहून वसईजवळच्या नंदाखालला आलेली त्यांची चुलत बहीण सेलिन उद्या परत जाणार होती. आता या सेलिनचं वेड ऐका. ज्या देशात जाईल तिथल्या जुन्या बाजारात शिरायचं आणि कुणीतरी वापरलेला एक कपडा विकत घ्यायचा! इस्तंबूलचा झगा, पॅरिसचा स्वेटर आणि लिस्बनचं कोपरावर फाटलेलं निळं जॅकेट. सगळी खरेदी डॅडींबरोबर. तिचे डॅडी, म्हणजे रोवेनाचे आल्बर्टकाका, बोटीवर नोकरीला. वर्षातून एकदा सुट्टी मिळाली की बापलेक प्रवासाला निघायचे. यंदा ती मिळाली नाही, म्हणून सेलिन एकटीच विमानात बसून काकांकडे, म्हणजे रोवेनाच्या पप्पांकडे, आली होती.

"वापरलेले कपडे? आणि तेही पैसे मोजून?" पहिल्याच दिवशी स्टॅनीपप्पांनी कपाळाला हात लावला होता. "आपण नाही बाबा दुसऱ्याचं उतरवलेलं घालत!" असं म्हणून त्यांनी आपल्या लाडक्या चौकडीच्या शर्टाची कॉलर ताठ केली होती.

"बाकीचं गेलं तर गेलं," सेलिन शिडीच्या पायरीवर बसली. "पण ते जॅकेट डॅडींनी निवडलंय गं. ते बोटीवर असले की मी तेच घालून झोपते."

पाहुणी रडायच्या आत काहीतरी करायलाच हवं होतं! ती पाणी आणायला स्वयंपाकघरात गेली आणि दारातच थबकली. ओट्यावर कोरं करकरीत स्टीलचं पातेलं! त्याचं स्टिकरसुद्धा निघालं नव्हतं.

"केनी, हे कुठून आलं? ममा तर सकाळपासून चर्चमध्ये आहे."

"पप्पांनी आणलं असेल."

"पप्पांनी? पातेलं? ते साधी कोथिंबीर आणायला विसरतात!"

रोवेना धडाधड शिडी चढली. माळ्यावर जुन्या चादरींची गाठोडी तशीच पडून होती. ममाने बोहारणीसाठी बांधून ठेवलेली!

"बोहारीण म्हणजे?" सेलिनने खालून विचारलं.

"जुने कपडे घेते आणि बदल्यात भांडी देते." बोलता बोलताच रोवेनाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिघंही ओटीवर धावली. पप्पा आरामात चहा पीत होते.

"पप्पा, बोहारणीला काय दिलंत?"

"ममाने सांगितलेले जुने कपडे! शिडीपाशीच पिशवी होती. उघडून बघितली मी. विटका झगा, फाटकं जॅकेट, सगळा जुना बाजार!" पप्पांनी छाती फुगवली. "ती वाटी देत होती, मी पातेलं काढलं तिच्याकडून! आहे कुणाची टाप?"

"पप्पा, ती सेलिनची पिशवी होती!"

पप्पांना चहाचा जोरदार ठसका लागला. रोवेनाने तोवर फोन लावलासुद्धा. तिच्या वर्गातला कौस्तुभ शेजारच्या बोळिंजला मोठ्या सोसायटीत राहायचा, आणि बोहारीण इथून पुढे तिकडेच जायची.

"कौस्तुभ, तुमच्याकडे भांडीवाली बोहारीण आलीय का रे?"

"गेटवरच बसलीय! पण आता निघेल बहुतेक."

"तिला सोडू नकोस! काहीही कर!"

पप्पा स्कूटरची किल्ली शोधत राहिले. पोरांनी सायकली काढल्या. पातेलं रोवेनाच्या हँडलला, चादरींचं गाठोडं केनीच्या कॅरियरला. "हे ओझं कशाला?" तो कुरकुरला. "बोहारणीकडे कुणी रिकाम्या हाताने जातं का, वेड्या? मार पॅडल!"

गेटवर बघतात तर काय, बोहारणीसमोर कौस्तुभच्या बाबांचे नऊ टाय ओळीने मांडलेले!

"मावशी, हा लाल बघा, एकदाच घातलाय," कौस्तुभ घाम पुसत म्हणत होता. "आलात? वाचलो! बाबांना कळलं तर सोलून काढतील मला!" त्याने भराभर टाय गोळा केले.

शेवंताबाई बोहारणीने पातेलं फिरवून फिरवून पाहिलं. "झालेला सौदा मोडता येत नसतो, पोरी."

"मावशी, चूक आमच्या पप्पांची आहे. ही माझी बहीण देशोदेशीचे जुने कपडे जमवते. तिचेच गेले."

"ही? जुने कपडे जमवते?" शेवंताबाई खळखळून हसली. "मग ही आमच्याच धंद्यातली की! घे बाई तुझी पिशवी." तिने पातेलं टोपलीत ठेवलं.

सेलिनने पिशवी उलथीपालथी केली. झगा होता, स्वेटर होता. जॅकेट नव्हतं!

"ते फाटकं होय? फाटकं मी सिप्रियनच्या गॅरेजला देते, हात पुसायला. आत्ताच दिलं. पळा!"

चौघं कशी सुटली ते विचारू नका! नाक्यावरच्या गॅरेजमध्ये सिप्रियन मेकॅनिकने निळी बाही हातात धरली होती आणि कात्री उघडली होती.

"अंकल, थांबा!" रोवेना जिवाच्या आकांताने ओरडली. "ते कापू नका! बदल्यात हे सगळं घ्या!"

केनीने गाठोडं धाडकन खाली टाकलं. सिप्रियनने चादरी चाचपल्या, जॅकेट सेलिनच्या हातात दिलं. तिने ते घट्ट छातीशी धरलं आणि आता मात्र ती रडलीच.

तेवढ्यात फटफट करत पप्पांची स्कूटर आली. सिप्रियन त्यांच्याकडे बघून हसला. "स्टॅनी, चादरी मिळाल्या. पण तुझा हा शर्टही दे की! काय मऊ झालाय!"

"हात लावू नकोस!" पप्पा दोन पावलं मागे सरले. "आल्बर्टचा आहे हा! पहिल्यांदा बोटीवर निघाला तेव्हा अंगातून काढून मला दिला होता त्याने!"

केनीने हळूच विचारलं, "म्हणजे पप्पा, दुसऱ्याचं उतरवलेलं?"

गॅरेजमध्ये हशा पिकला! पप्पांचे कान लालेलाल झाले. सेलिन मात्र हसली नाही. ती पुढे झाली आणि तिने बोटाने शर्टाची बाही चाचपून पाहिली. "हा डॅडींचा आहे?"

संध्याकाळी ममाने सगळं ऐकून पोरांच्या पाठी थोपटल्या. "एका दुपारी केवढं काम केलंत! कौस्तुभ, तुला तर जास्तीचा केक!" मग ती पप्पांकडे वळली. "आणि तुम्ही! यापुढे माळ्याकडे बघायचंसुद्धा नाही!"

पप्पा निमूटपणे आत गेले. बाहेर आले ते चौकडीचा शर्ट इस्त्री करून, घडी घालून.

"सेलिन, तुझा वसईचा कपडा राहिलाच की. हा घे."

"काका! पण तुमचा लाडका आहे तो! किती पैसे द्यायचे?"

"आमच्या बाजारात पैसे चालत नाहीत. भांडं लागतं!"

सेलिनने सॅकमधून आपली स्टीलची पाण्याची बाटली काढली. पप्पांनी ती उलटी करून बघितली, बुडावर टिचकी मारली, नाक मुरडलं आणि मग मान डोलावली. "चालेल! सौदा पक्का!"

मग त्यांनी शर्ट तिच्या हातात ठेवला, पण लगेच सोडला नाही.

"आल्बर्टला म्हणावं, स्टॅनीने तुझा शर्ट परत पाठवलाय. आता सुट्टी मिळाली की हाच घालून घरी ये, आणि येताना हिलाही घेऊन ये."